तेलावर उभे देश आणि भावाचे हेलकावे : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

खनिज तेलाच्या भावातल्या चढउतारांनी तेल विकणाऱ्या देशांचं काय होतं, या विषयावर वाचकांचे प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत आखातात नोकरीला असलेल्यांच्या घरची पत्रं पुष्कळ होती, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

प्रश्न (कुर्ला) : माझा मुलगा सौदी अरेबियात एका बांधकाम कंपनीत सुपरवायझर आहे. तेल उतरल्याची बातमी आली की आमच्या पोटात गोळा येतो. भाव आज पडला तर पगाराला कधी धक्का बसतो? आधी काही कळतं का?

धक्का लगेच बसत नाही, आणि मधला वेळ हाच तुमच्या मुलाच्या उपयोगाचा आहे. सौदीची राष्ट्रीय तेल कंपनी दर महिन्याच्या सुरुवातीला पुढच्या महिन्याचा दर जाहीर करते. जहाज भरल्यावर पैसे साधारण महिन्याभराने येतात. त्यामुळे पडलेला भाव सरकारी तिजोरीत दिसायलाच दीड-दोन महिने लागतात. मग अर्थखात्यापुढे प्रश्न येतो, कात्री कुठे लावायची? सरकारी नोकरांचे पगार, विजेवरचं अनुदान, लष्कर, हे सगळं हात लावायला अवघड. रस्ते, वसाहती, रुग्णालयं यांची कामं मात्र सहज थांबतात, आणि तीही रद्द न करता. नुसती रनिंग बिलं, म्हणजे झालेल्या कामाची टप्प्याटप्प्याची बिलं, पास होईनाशी होतात. मोठा कंत्राटदार काही महिने बँकेच्या ओव्हरड्राफ्टवर ढकलतो, मग उपकंत्राटदाराचे पैसे अडवतो, आणि सगळ्यात शेवटी मजुराचा पगार अडतो.

आधीची एक मोठी घसरण पाहा. जून २०१४ मध्ये ब्रेंट तेल (जगाच्या बाजारात भाव ज्यावरून मोजतात ते) बॅरलला ११५ डॉलरच्या आसपास होतं, जानेवारी २०१५ मध्ये ५० च्या खाली आलं. २०१५ साली सौदी सरकारची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १५ टक्क्यांवर गेली. पण हजारो भारतीय कामगार पगाराविना जेद्दाहच्या लेबर कॅम्पमध्ये अडकल्याची वेळ आली ती २०१६ च्या उन्हाळ्यात. त्या ऑगस्टमध्ये परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंह तिथे गेले होते. म्हणजे मधे दीड वर्ष गेलं. एवढा अवधी मिळाला कारण सौदीकडे २०१४ मध्ये ७०० अब्ज डॉलरहून मोठी परकीय चलनाची गंगाजळी होती. बहरीनसारख्या देशाकडे असा साठा नाही. २०१८ मध्ये त्याला सौदी, अमिरात आणि कुवेत यांच्याकडून १० अब्ज डॉलरचा आधार घ्यावा लागला. तेव्हा मुलगा कोणत्या देशात आहे यावर हा अवधी ठरतो.

साइटवरच्या खुणा बातम्यांच्या आधी दिसतात. ओव्हरटाइम बंद होतो. सिमेंट-सळईच्या गाड्या कमी होतात. छोटे उपकंत्राटदार माणसं उचलून नेतात. पगाराची तारीख ५ वरून १५ वर आणि १५ वरून २५ वर सरकते. इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, याच्या नूतनीकरणाला उशीर व्हायला लागला तर ती खूण सगळ्यात गंभीर समजावी, कारण ती फी कंपनीने भरायची असते, आणि इकामा संपलेला माणूस सहज घरी येऊ शकत नाही.

हे दिसू लागलं की कराराची प्रत, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी आणि इकाम्याचा फोटो घरी पाठवून ठेवायला सांगा. घाबरून राजीनामा देऊ नये. सौदी कायद्यानुसार नोकरी संपताना मिळणारी रक्कम पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी अर्ध्या महिन्याचा पगार आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला पूर्ण महिन्याचा पगार अशी असते. शेवटचा पगार ३,००० रियाल आणि नोकरी ८ वर्षं असेल तर ७,५०० अधिक ९,००० म्हणजे १६,५०० रियाल. स्वतः राजीनामा दिला, तर ५ ते १० वर्षांच्या नोकरीला यातले दोन-तृतीयांशच मिळतात, म्हणजे ११,०००. साध्या राजीनाम्याने ५,५०० रियाल गेले. मात्र मालकाने करार मोडला, पगार थकवला या कारणावरून कामगार कायद्याच्या कलम ८१ खाली नोकरी सोडली तर हक्क शाबूत राहतात. सलग तीन महिने पगार थकला तर मालकाच्या संमतीशिवाय दुसरीकडे बदली घेण्याची सोय २०२१ पासून आहे. तक्रार तिथल्या कामगार खात्याकडे करावी आणि त्याच दिवशी आपल्या परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवरही नोंदवावी.

प्रश्न (लालबाग) : तेलाचा भाव इतका का उसळतो? जगाचा खप तर वर्षाला एक-दोन टक्क्यांनीच बदलतो.

त्या एक-दोन टक्क्यांमुळेच. भाव वाढला म्हणून कोणी उद्यापासून ट्रक चालवणं थांबवत नाही, आणि नवी विहीर खोदून समुद्रातून तेल काढायला पाच-सात वर्षं लागतात. मागणी आणि पुरवठा दोन्ही ताठ असले की थोडी तूट किंवा थोडा अतिरिक्त माल सगळा भार भावावर टाकतो. लासलगावला कांद्याची आवक जरा जास्त झाली की भाव निम्म्यावर येतो, तसंच हे. जुलै २००८ मध्ये १४७ डॉलरला टेकलेलं तेल त्याच डिसेंबरात ४० च्या खाली होतं. पाच महिन्यांत. कोणतंही अंदाजपत्रक एवढ्या वेगाने वळत नाही, आणि तेलाच्या देशांची सगळी दुखणी इथून सुरू होतात.

प्रश्न (कालिना) : अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहे. आखाती देशांना एक बॅरल काढायला १० डॉलरसुद्धा लागत नाहीत असं वाचते, आणि त्याच लेखात त्यांना ८०-९० डॉलर भाव 'परवडत नाही' असंही लिहिलेलं असतं. दोन्ही खरं कसं?

कारण पहिला आकडा विहिरीचा आहे आणि दुसरा सरकारचा. दुसऱ्याला अंदाजपत्रकाचा समतोल भाव म्हणतात : ज्या भावाला सरकारची जमा आणि खर्च बरोबर जुळतात तो. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी अशा देशांसाठी तो नियमित प्रसिद्ध करतो. पण तुम्ही एकदा स्वतः मांडून पाहा, मग बातम्या वेगळ्याच दिसायला लागतात.

एक काल्पनिक देश घ्या. रोज १० लाख बॅरल तेल निघतं (एक बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर). त्यातलं २ लाख देशातच उत्पादनखर्चाच्या भावात खपतं, त्यातून सरकारला काही मिळत नाही. उरलेलं ८ लाख निर्यात होतं, म्हणजे वर्षाला २९.२ कोटी बॅरल. काढायचा खर्च बॅरलमागे १२ डॉलर. वर उरतं त्यातलं ८० टक्के सरकारचं, २० टक्के कंपनीचं. सरकारचा वर्षाचा खर्च २,५०० कोटी डॉलर, आणि तेलाखेरीज इतर करांतून जमा ६०० कोटी. म्हणजे तेलातून १,९०० कोटी यायला हवेत. २९.२ कोटींचे ८० टक्के म्हणजे २३.३६ कोटी. १,९०० ला २३.३६ ने भागलं की ८१.३ येतात, त्यात १२ मिळवले की ९३ डॉलर. हा झाला समतोल भाव. बाजारात ७० डॉलर मिळाले तर तेलातून १,३५५ कोटीच येतात आणि ५४५ कोटींचं भगदाड पडतं, म्हणजे खर्चाच्या जवळपास २२ टक्के. विहीर तेव्हाही बॅरलमागे ५८ डॉलर नफ्यात असते.

आता यातला एकच आकडा हलवा. तेल निर्यातदार देशांची संघटना ओपेक, तिच्या ठरावाप्रमाणे या देशाने भाव वर न्यायला उत्पादन १० टक्क्यांनी घटवलं. देशातला खप काही कमी होत नाही, तो २ लाखच राहतो. सगळी घट निर्यातीवर येते आणि ती ७ लाखांवर उतरते. पुन्हा भागाकार केलात तर समतोल भाव ९३ वरून १०५ वर जातो. उत्पादनकपातीवर सदस्य देशांत इतकी ओढाताण का होते आणि काही जण गुपचूप जास्त तेल का काढतात, ते या एका भागाकारात आहे.

दुसरा आकडा विनिमय दराचा. समजा सरकारचा खर्च आणि इतर कर, दोन्ही स्थानिक चलनात आहेत, आणि डॉलर २५ टक्क्यांनी महाग होऊ दिला. मग तेच १,९०० कोटी १,५२० कोटी डॉलरमध्ये भागतात आणि समतोल भाव ७७ वर येतो. रशियाने नोव्हेंबर २०१४ मध्ये रूबल मोकळा सोडला त्यामागे हाच हिशेब होता. जानेवारी २०१४ ते जानेवारी २०१६ या दोन वर्षांत डॉलरमध्ये तेल सत्तर टक्क्यांच्या आसपास पडलं, पण रूबलमध्ये मोजलं तर बॅरलची किंमत साधारण एक-तृतीयांशानेच घटली. सरकारी पगार वेळेवर झाले. त्याची किंमत महागाईच्या रूपाने लोकांनी मोजली, आणि डिसेंबर २०१४ मध्ये मध्यवर्ती बँकेने व्याजदर एका रात्रीत १०.५ वरून १७ टक्क्यांवर नेला.

याच्या उलट अझरबैजान. 'मनात' या आपल्या चलनाचा दर धरून ठेवण्यासाठी तिथल्या मध्यवर्ती बँकेने २०१५ मध्ये निम्म्याहून जास्त गंगाजळी खर्ची घातली, आणि तरीही त्याच वर्षात फेब्रुवारी आणि डिसेंबर असं दोनदा अवमूल्यन करावंच लागलं. डॉलरही गेले आणि दरही गेला. आमच्या मते तेलाच्या देशाची सगळ्यात महागात पडणारी चूक हीच : दर टिकणार नाही हे दिसत असताना आणखी सहा महिने धरून ठेवणं. सौदीचा रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ वर बांधलेला आहे आणि टिकला आहे हे खरं, पण त्यामागे केवढा साठा आहे तो वर सांगितलाच. शिवाय तेलाखेरीज त्यांची निर्यात लहान असल्याने रियाल स्वस्त करून फारसं काही हाती लागत नाही. तो मार्ग बंद म्हणून भार करांवर येतो. जानेवारी २०१८ मध्ये ५ टक्के व्हॅट आला, जुलै २०२० मध्ये तो थेट १५ टक्के झाला.

प्रश्न (दादर) : भाव पडल्यावर हाल होतात हे समजलं. पण चढल्यावर तरी त्या देशांची चांदी होत असेल ना?

काही काळ होते. त्रासाचं बी मात्र त्याच काळात पेरलं जातं.

तेजीत डॉलर आत येतात, स्थानिक चलन वधारतं, मजुरी आणि जागांचे भाव चढतात. मग शेतमाल आणि कारखान्यातला माल बाहेर विकणं परवडेनासं होतं, आणि आयात स्वस्त पडते. नेदरलँड्समध्ये १९५९ साली ग्रोनिंगेनला वायूचा प्रचंड साठा सापडल्यानंतर तिथल्या कारखानदारीचं असंच झालं, म्हणून याला 'डच आजार' म्हणतात. नायजेरियात १९६० च्या दशकात शेंगदाणा, कोको आणि पामतेल ही मोठी निर्यात होती. कानो शहरात शेंगदाण्याच्या पोत्यांचे मनोरे रचलेले असत. सत्तरच्या दशकात तेलाचा पैसा आला आणि ते मनोरे गेले. दुष्काळ आणि पिकावरचा रोग हीही कारणं होती, पण वधारलेल्या नायरामुळे (तिथलं चलन) शेतकऱ्याला पुन्हा उभं राहणं परवडलंच नाही. भाव उतरला तेव्हा विकायला दुसरं काही उरलं नव्हतं.

दुसरी गोष्ट कर्जाची. तेल महाग असतानाच बाहेरच्या बँका कर्ज द्यायला दारात उभ्या राहतात. मेक्सिकोला १९७६ मध्ये कांतारेल हे महाकाय तेलक्षेत्र मिळालं. त्याच्या भरवशावर सरकारने डॉलरमध्ये भरमसाट कर्ज उचललं. अमेरिकेत व्याजदर चढले, तेल घसरायला लागलं, आणि ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने हप्ते फेडता येत नसल्याचं जाहीर केलं. तेव्हा तेल अजून ३० डॉलरच्या वर होतं! कोसळायलासुद्धा लागलं नाही, वाढायचं थांबलं एवढंच पुरलं.

आणि भाव चढूनही पैसा न येण्याचं उदाहरण नायजेरियाचंच आहे. पुढच्या प्रश्नात ते येतंच.

प्रश्न (अंधेरी) : आमची औषधांची छोटी निर्यात आहे. लागोसच्या एका वितरकाकडून पैसे येईपर्यंत वर्ष उलटतं. तो म्हणतो, नायरा तयार आहेत, बँक डॉलर देत नाही. हे खरं असू शकतं का? पुढचा माल पाठवण्याआधी काय पाहावं?

खरं असू शकतं. नायजेरियाच्या निर्यातीतले ९० टक्क्यांच्या आसपास डॉलर तेल आणि वायूचे. ते मध्यवर्ती बँकेकडे येतात आणि तिथून व्यापारी बँकांना मिळतात. आवक आटली की दर खाली सोडण्याऐवजी रेशनिंग सुरू होतं. जून २०१५ मध्ये ४१ प्रकारच्या मालाच्या आयातीला अधिकृत डॉलर बंद केले गेले. जून २०१६ मध्ये नायराचं मोठं अवमूल्यन झालं, जून २०२३ मध्ये पुन्हा. तोवर मध्यवर्ती बँकेने द्यायचे राहिलेले डॉलर सुमारे ७ अब्जांवर गेले होते. परदेशी विमान कंपन्यांचे पैसेही त्यात अडकले. तुमच्या वितरकाने नायरा खरोखर बँकेत भरले असतील तर त्याचा कागद मागा. तो मिळाला नाही तर अडचण देशाची नसून त्याची आहे.

तेलाचा भाव एवढं एकच पाहून निर्णय घेऊ नका. २०२२ मध्ये तेल १०० डॉलरवर होतं आणि नायजेरियात डॉलरचा दुष्काळ होता. पाइपलाइन फोडून होणाऱ्या चोरीमुळे उत्पादन ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रोजच्या १० लाख बॅरलच्याही खाली गेलं, आणि देशातल्या सरकारी रिफायनऱ्या बंद असल्याने पेट्रोल आयात करून लोकांना अनुदानात द्यावं लागत होतं. तेल जितकं महाग, तितकं अनुदान जास्त. म्हणून ओपेकच्या मासिक अहवालात उत्पादनाचा आकडा आधी पाहा, भाव नंतर. तिसरा आकडा अधिकृत दर आणि खुल्या बाजारातला दर यांतल्या फरकाचा. तो पाच-सात टक्के असेल तर डॉलर मिळताहेत. तीस टक्क्यांच्या पुढे गेला तर अवमूल्यन जवळ आलं असं धरून चाला, आणि तुमच्या ग्राहकाचं भांडवल त्या दिवशी एका फटक्यात आटणार हेही. त्याने जुन्या दराने माल विकलेला असतो आणि डॉलर नव्या दराने घ्यावे लागतात. बुडीत उधारी बहुधा अशीच जन्माला येते, त्यात लबाडी असेलच असं नाही. गंगाजळीचा आकडा जरा जपून वाचा. जाहीर रकमेतला काही भाग बँकांशी केलेल्या अदलाबदलीचा, म्हणजे परत द्यायचा असतो.

आता कागदपत्रं. नायजेरियात माल चढवण्याआधी आयातदाराने आपल्या बँकेमार्फत 'फॉर्म एम' काढायचा असतो. त्याची प्रत मागवा आणि तो परकीय चलनासाठी वैध आहे की नाही ते वाचा. वैध नसेल तर त्या मालाचे डॉलर अधिकृत खिडकीवर मिळणारच नाहीत, ग्राहक ते बाहेरून कसे आणणार हे आधी विचारा. नुसती एल.सी., म्हणजे ग्राहकाच्या बँकेने दिलेली पैशांची हमी, पुरत नाही. लागोसच्या बँकेची एल.सी. लंडन किंवा दुबईच्या मोठ्या बँकेने कन्फर्म केलेली असावी, म्हणजे तिथे डॉलर अडले तरी कन्फर्म करणारी बँक पैसे देते. तिचं शुल्क ताणाच्या काळात बरंच वाढतं, ते किमतीत धरा. कन्फर्मेशन द्यायला एकही बँक तयार नसेल तर तीच सगळ्यात स्पष्ट सूचना आहे. मग निम्मी रक्कम आगाऊ घ्या, किंवा थांबा. १२० दिवसांच्या उधारीवर, नुसत्या हुंडीवर, नवीन खेप पाठवू नका. ईसीजीसी या निर्यातीचा विमा उतरवणाऱ्या सरकारी कंपनीचं संरक्षण घेताना खरेदीदाराची मर्यादा मंजूर आहे का आणि डॉलर बाहेर पाठवण्यातला विलंब म्हणजे देशजोखीम त्यात धरली आहे का, दोन्ही लेखी तपासा. त्यांचं देशांचं वर्गीकरण बदलत असतं, खेप निघण्याच्या आठवड्यात पुन्हा पाहा. औषधांच्या बाबतीत आणखी एक : माल गोदीत अडकला की डॅमरेज, म्हणजे उशिराचा आकार, चढतोच, शिवाय मुदतीची तारीख जवळ येत जाते. वर्षभराची ऑर्डर एकदम न पाठवता तिमाही खेपांत पाठवा, आणि आधीच्या खेपेचे पैसे आल्याशिवाय पुढची सोडू नका.

प्रश्न (गोरेगाव) : नॉर्वे आणि व्हेनेझुएला. दोघांकडे तेल. एक श्रीमंत, एक उद्ध्वस्त. फरक फक्त भ्रष्टाचाराचा का?

भ्रष्टाचार आहेच. पण व्यवस्था कशी बांधली आहे हे पाहणं जास्त उपयोगाचं.

नॉर्वेला एकोफिस्क हे तेलक्षेत्र १९६९ मध्ये मिळालं. तेलनिधीचा कायदा १९९० चा, त्यात पहिली भर पडली १९९६ मध्ये. तेलातून सरकारला मिळणारं सगळं उत्पन्न निधीत जातं. अंदाजपत्रकात किती आणायचं याचा नियम २००१ मध्ये ठरला : निधीच्या ४ टक्के. २०१७ पासून ३ टक्के. म्हणजे या वर्षी तेल ४० ला विकलं की १२० ला, शाळा-रुग्णालयांच्या खर्चावर त्याचा थेट परिणाम होत नाही. निधीचा पैसा फक्त देशाबाहेर गुंतवायचा, हा नियमही मोलाचा. तेलाचे डॉलर देशात आलेच नाहीत तर डच आजाराचा जोर कमी होतो. आज तो निधी दीड लाख कोटी डॉलरच्या पुढे आहे. तरी नॉर्वे सुटतो असं मुळीच नाही. २०१५-१६ मध्ये क्रोन हे तिथलं चलन घसरलं, स्टाव्हांगेर भागात तेल कंपन्यांतले हजारो लोक बेकार झाले, आणि २०१६ च्या सुरुवातीला निधीतून पहिल्यांदाच निव्वळ उचल करावी लागली. पण उचलायला निधी होता. आणि तेल मिळण्याआधीपासून तिथे लोक कर भरत होते, त्यामुळे सरकारला हिशेब विचारायची सवय जुनी होती.

व्हेनेझुएलानेही १९९८ मध्ये स्थिरीकरण निधी काढला होता. नियम दर वेळी बदलत गेला आणि निधी रिकामा झाला. २००२-०३ च्या संपानंतर राष्ट्रीय तेल कंपनीतून सुमारे १८ हजार जणांना काढून टाकलं, त्यात अभियंते आणि भूगर्भतज्ज्ञ मोठ्या संख्येने होते. ओरिनोको पट्ट्यातलं तेल डांबरासारखं जड असतं. ते पाइपातून वाहायला त्यात नॅफ्था हा पातळ द्रव मिसळावा लागतो आणि विहिरींना सतत देखभाल लागते. तेजीच्या वर्षांत कंपनीचा पैसा देखभालीऐवजी इतर खर्चाला वळवला गेला. १९९० च्या दशकाअखेरीस रोजचं ३० लाख बॅरलच्या घरातलं उत्पादन २०२० मध्ये ५ लाखांच्या आसपास येऊन ठेपलं. २०१९ च्या अमेरिकी निर्बंधांनी घाव घातला, पण घसरण त्याच्या कितीतरी आधीची आहे. वर २००३ पासून डॉलरवर नियंत्रण आणि कृत्रिम दर. ज्याला सरकारी दराने डॉलर मिळाला त्याने तो बाहेर विकून जे कमावलं ते कोणत्याही कारखान्यात कमावता आलं नसतं. तूट नोटा छापून भरली गेली, आणि २०१८ ची महागाई तिथल्याच मध्यवर्ती बँकेच्या आकड्यानुसार १,३०,००० टक्क्यांच्या वर गेली.

प्रश्न (चेंबूर) : माहुलच्या रिफायनऱ्या आमच्या शेजारीच. तेल स्वस्त झालं की भारताचा फायदाच ना? आणि मुंबई हाय असताना आपण तेलाचे देश का नाही?

फायदा आहे, आणि मोजता येतो. भारत वर्षाला सुमारे २३ कोटी टन कच्चं तेल आयात करतो, म्हणजे जवळपास १७० कोटी बॅरल. बॅरलमागे १० डॉलर उतरले तर वर्षाला १,७०० कोटी डॉलर वाचतात. ते ग्राहकाला मिळतातच असं नाही : नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या घसरणीत केंद्राने पेट्रोल-डिझेलवरचं उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवलं. दुसरी बाजू आखाताची. तिथे मंदी आली की कोकणातल्या आणि मुंबईतल्या घरांत येणारा पैसा आटतो, आणि न्हावाशेवाहून तिकडे जाणारा मालही कमी होतो. हा तोटा बचतीपेक्षा लहान असतो, पण तो ठरावीक घरांवरच पडतो, म्हणून जास्त झोंबतो. १९९०-९१ मध्ये तर दोन्ही बाजूंनी मार बसला : कुवेतवरच्या आक्रमणाने तेल महागलं आणि तिथले दीड लाखाहून जास्त भारतीय नोकरी सोडून परतले. सोनं गहाण टाकण्याची पाळी आली त्यात याचा मोठा हात होता.

मुंबई हाय १९७४ मध्ये सापडलं, १९७६ पासून तेल देतंय, आणि देशाच्या उत्पादनातला मोठा वाटा आजही त्याचा आहे. पण भारताला लागणाऱ्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरूनच येतं.

प्रश्न (बोरिवली) : एमसीएक्स या वायदेबाजारात कच्च्या तेलाचे वायदे करतो. हे देश आपलं तेल वायद्यात आधीच विकून भाव पक्का का करत नाहीत? आणि एप्रिल २०२० मध्ये भाव शून्याखाली गेला तेव्हा त्यांनी काय केलं?

आधी दुसरा भाग. २० एप्रिल २०२० ला उणे ३७.६३ डॉलरवर गेला तो अमेरिकेच्या डब्ल्यूटीआय तेलाचा मे महिन्याचा वायदा, म्हणजे मे मध्ये माल घ्यायचा करार. त्याची डिलिव्हरी ओक्लाहोमातल्या कुशिंगला घ्यावी लागते, आणि तिथल्या टाक्यांत जागा उरली नव्हती. एमसीएक्सचा करार त्याच भावाला जोडलेला, म्हणून इथे तो बॅरलला उणे २,८८४ रुपयांवर मिटवला गेला. आखाती किंवा आफ्रिकी देशांचं तेल ब्रेंट आणि दुबईच्या भावावर विकलं जातं. तो त्या आठवड्यांत २० डॉलरच्या आसपास होता. वाईट, पण शून्याखाली नाही.

आता भाव पक्का करण्याचं. मेक्सिको हे वर्षानुवर्षं करत आला आहे, पण वायदा विकून नाही, पुट ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क, घेऊन. वायदा विकला आणि भाव चढला तर मार्जिन, म्हणजे तोट्यापोटी रोख अनामत, भरत बसावं लागतं, आणि लोक म्हणतात सरकारने तेल मातीमोल विकलं. पुटमध्ये प्रीमियम, म्हणजे त्या हक्काची किंमत, गेला की गेला, वरचा भाव आपला. प्रीमियम सुमारे १ अब्ज डॉलर पडतो. २००९ साठी त्यातून ५ अब्ज डॉलर मिळाले, २०१५ साठी ६ अब्जांहून जास्त. सौदी अरेबियाला हा मार्ग खुला नाही. एवढ्या मोठ्या निर्यातीचे पुट विकायला बाजारात माणसंच नाहीत, आणि त्यांनी घ्यायला सुरुवात केल्याची कुणकुण लागली तरी भाव पडेल.

यात मुदतीची मर्यादा आहे. २०१५ साठी मेक्सिकोने ७६.४० डॉलरचा भाव बांधला होता. घसरणीनंतर २०१६ साठीचा सौदा ४९ डॉलरच्या वर मिळाला नाही. ऑप्शनने तोटा एक वर्ष पुढे ढकलला, आणि मेक्सिकोच्या अर्थखात्याने ते वर्ष वाया घालवलं नाही. भाव बांधलेला असतानाच, जानेवारी २०१५ मध्ये, त्यांनी खर्चकपात जाहीर केली.